मालिका संपते, मूल मोठं होतं

आज मी तुमच्याशी एका मालिकेबद्दल बोलणार आहे. सासू-सुनेची नाही, एका मुलाची. आणि त्या निमित्ताने थोडा इतिहासही सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला गड, किल्ले आणि लढाया आठवतात. पण आपल्या घरातल्या मुलांच्या वेगळेपणालाही इतिहास असतो. तो माहीत नसला की बाई सगळा दोष स्वतःच्याच पदरात बांधून घेते.

मी पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या जनता वसाहतीत बचत गटांचं काम बघते. आमच्या एका गटात एक ताई आहेत. चार घरी धुणीभांडी करतात, हप्ता कधी चुकवत नाहीत. त्यांचा मुलगा आता वीस वर्षांचा आहे. तो फार बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवतो. बैठक असली की आईबरोबर येतो आणि दारातल्या चपला जोडीने लावत बसतो. गटात अठरा बायका आहेत. कुठली चप्पल कोणाची, हे त्याला पाठ आहे. कोणी नवीन चप्पल घेतली की आमच्याआधी त्याला कळतं.

तो लहान होता तेव्हा वस्तीत त्याला वेगवेगळी नावं होती. कोणी मुका म्हणायचं, कोणी वेडा. कोणी सांगायचं की बाहेरचं लागलंय, कोणी सांगायचं की बापही उशिराच बोलायला लागला होता, थांबा. एका डॉक्टरांनी ताईंना विचारलं होतं, "तुम्ही दिवसभर कामाला, मग पोराशी बोलतं कोण?" ताईंनी तो प्रश्न वर्षानुवर्षं मनात ठेवला.

मग २००९ साली झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' नावाची हिंदी मालिका लागली. तिची नायिका होती पाच वर्षांची मुलगी, आणि तिला ऑटिझम होता. मी तेव्हा कॉलेजात होते. ताईंचा मुलगा चार वर्षांचा होता. त्या आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. एके दिवशी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे तर माझंच पोरगं आहे." ऑटिझम हा शब्द त्या दिवशी आमच्या गल्लीत आला.

मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नाही. जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी असते. बोलणं, नजर देणं, चार लोकांत मिसळणं अवघड जातं. रोजच्या क्रमात बदल झाला की त्रास होतो. काहींना आवाज, उजेड, स्पर्श सहन होत नाही. काही मुलं अजिबात बोलत नाहीत, काही भरभरून बोलतात. स्वमग्न हा शब्द ऐकून वाटतं की मूल स्वतःतच रमलंय, त्याला आपलं काही पडलेलं नाही. पण चपला ओळखणारा तो मुलगा आमच्यातल्या प्रत्येकीला ओळखतो. फक्त त्याची ओळख दाखवायची रीत वेगळी आहे.

पुढच्या वर्षी ती मालिका संपली. पण तिच्यामुळे ताई मुलाला योग्य ठिकाणी दाखवायला घेऊन गेल्या, एवढं तिचं श्रेय मी कायम मानते.

दुसरी मालिका आमच्याकडे आली २०२१ च्या उन्हाळ्यानंतर, कोरोनाच्या काळात. माझी भाची मोबाईलवर 'अटिपिकल' नावाची अमेरिकन मालिका बघत होती. ती नेटफ्लिक्सवर २०१७ पासून चालू होती. चार सीझन, सगळे मिळून ३८ भाग. भाची भाग बघायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आम्हाला मराठीत सांगायची. ताईही ऐकायला यायच्या.

गोष्ट गार्डनर नावाच्या कुटुंबाची. मुलगा सॅम, मालिका सुरू होते तेव्हा अठरा वर्षांचा, स्वमग्न. त्याला पेंग्विन पक्ष्यांचं वेड, आणि ते राहतात त्या बर्फाच्या अंटार्क्टिका खंडाचं. आई एल्सा त्याला सतत जपणारी. वडील डग. धाकटी बहीण केसी, धावण्यात तरबेज, भावासाठी शाळेत भांडणारी. हे घर आम्हाला आवडलं, कारण त्यात कोणी देव नव्हतं. आई चुका करते. सॅमचं निदान झालं तेव्हा वडील काही महिने घर सोडून निघून गेले होते, हेही त्यात दाखवलंय. ते ऐकून ताई म्हणाल्या, "म्हणजे तिथलेपण जातात."

या मालिकेवर टीकाही झाली. सॅमचं काम करणारा नट स्वतः स्वमग्न नव्हता. स्वमग्न माणसांची गोष्ट सांगता, मग त्यांना कामं का देत नाही, असं लोकांनी विचारलं. दुसऱ्या सीझनपासून काही स्वमग्न कलाकारांना छोट्या भूमिका मिळाल्या.

जुलै २०२१ मध्ये चौथा, म्हणजे शेवटचा सीझन आला. त्यात सॅम ठरवतो की आपण खरंच अंटार्क्टिकाला जायचं. त्याची तयारी, मित्राचं दुखणं, बहिणीची शर्यत आणि कॉलेजची निवड, असं करत दहा भाग होतात आणि सगळं गोड होऊन मालिका संपते. भाचीने शेवट सांगितला. आम्ही म्हटलं, बरं झालं. ताई मात्र थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, "तो जाऊन आला की मग? त्याची आई मेल्यावर तो कोणाकडे राहणार?"

भाची म्हणाली, "मावशी, मालिका संपली."

मैत्रिणींनो, मला तो शेवटचा सीझन तिथेच फसलेला वाटला. मालिका म्हणजे काही सरकारी कचेरी नाही, तिने सगळे प्रश्न सोडवावेत असं मी म्हणत नाही. पण ३८ भागांची गोष्ट एका कुटुंबाची आहे, आणि अशा घरातली प्रत्येक आई रात्री जो प्रश्न घेऊन झोपते, त्याच्यापाशी ती गोष्ट नीट बसलीच नाही. अंटार्क्टिकाला गेली, पण आईच्या उशापाशी आली नाही.

मग मी आपल्याकडचे सिनेमे आठवले. 'तारे जमीं पर' आपल्या पाचगणीत चित्रित झाला. त्यातल्या मुलाला वाचन-लेखनाची अडचण आहे. शेवटी तो चित्रांच्या स्पर्धेत पहिला येतो. २०१० च्या 'माय नेम इज खान'चा नायक स्वमग्न आहे. तो शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेटतो. २०१४ चा मराठी 'यलो' पुण्याच्या गौरी गाडगीळवर आहे. डाऊन सिंड्रोम असलेली ही मुलगी पोहण्यात पदक मिळवते, आणि सिनेमात तिने स्वतःच काम केलंय. त्याचा मला फार अभिमान वाटतो. २०१२ च्या 'बर्फी'तली झिलमिल स्वमग्न आहे. बर्फी म्हातारपणी मरतो तेव्हा तीही त्याच्या शेजारी झोपून प्राण सोडते. बघताना मी रडले होते. आता वाटतं, तिच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्नच लेखकाने मिटवून टाकला. तो गेला, मग ती कशी जगली, हे सांगायला नको.

बक्षीस, पदक, राष्ट्राध्यक्ष, अंटार्क्टिका, नाहीतर मरण. आपल्या मुलाला यातलं काहीच मिळणार नसतं. त्याला मिळणार असतं एक साधं, लांबलचक आयुष्य. ते कसं जातं, याची गोष्ट कुठे आहे? मी शोधत गेले, आणि ती गोष्ट मला पडद्यावर नाही, इतिहासात सापडली.

ऑटिझम हे निदान आज ज्या अर्थाने होतं, त्याची सुरुवात १९४३ साली झाली. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. त्यातला पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला, १९३३ चा जन्म. आकडे आणि गाणी त्याला पाठ, पण आई-वडील खोलीत आले तरी लक्ष नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला लहानपणीच घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. तेव्हा अशा मुलांना ठेवायचं आणि विसरायचं, अशीच रीत होती. पण साधारण वर्षभरात आई-वडिलांनी त्याला घरी परत आणलं. वडिलांनी त्याच्याबद्दल तेहतीस पानांचं पत्र कॅनर डॉक्टरांना पाठवलं. आजचं ऑटिझमचं शास्त्र त्या पत्रापासून सुरू होतं, असं म्हटलं तर चूक नाही.

आता पुढचं ऐका, हे आपल्या कामाचं आहे. डोनाल्ड साधारण नऊ वर्षांचा असताना त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. तीनेक वर्षं तो तिथे होता. ही माणसं शिकलेली नव्हती, श्रीमंतही नव्हती. पण त्यांनी काय केलं? मुलाला मोजायचं वेड होतं, तर त्याला मक्याच्या ओळी मोजायला लावल्या, पण नांगर धरून. मोजता मोजता तो नांगरायला शिकला. मापं घ्यायचं वेड होतं, तर विहिरीच्या खोदकामात घेतलं आणि किती खोल झाली ते मोजून सांगायचं काम दिलं. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर रागावण्याऐवजी ते पुरायला एक जागा नेमून दिली. कॅनर डॉक्टर तिथे भेटीला गेले आणि त्या जोडप्याचं शहाणपण बघून थक्क झाले. त्यांनी मुलाचं वेड मोडलं नाही, ते कामाला जुंपलं.

पुढे डोनाल्ड शाळेत गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावातल्या बँकेत कामाला लागला. सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला. गोल्फ खेळायचा, देशोदेशी एकटा फिरून यायचा. १९८० मध्ये वडील गेले, १९८५ मध्ये आई गेली. आणि मैत्रिणींनो, त्यानंतर जवळजवळ अडतीस वर्षं तो जगला, त्याच घरात. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे.

पण खोटं कशाला बोला? ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. पैसा होता, गोरं घराणं होतं, त्या काळात त्याच गावातल्या काळ्या आईच्या मुलाला हे मिळालं नसतं. तरी एक गोष्ट पैशापलीकडची होती. सगळं गाव त्याला ओळखत होतं. बँकेत, मैदानावर, रस्त्यावर. पुढे पत्रकार त्याला शोधत आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आधीच बजावलं, की त्याला त्रास दिलात तर आमच्याशी गाठ आहे.

सगळ्या आयांच्या वाट्याला मात्र असं गाव आलं नाही. कॅनर डॉक्टरांनी आपल्या लेखनात आई-वडिलांच्या थंडपणाचाही उल्लेख केला होता. इतरांनी तोच धागा ओढला. आई मुलावर माया करत नाही, बर्फासारखी गार असते, म्हणून मूल असं होतं, हे मोठमोठे लोक सांगू लागले. इंग्रजीत तिला चक्क 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाईम यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. हजारो आयांनी ते खरं मानलं. आमच्या ताईंना विचारलेला प्रश्न, "पोराशी बोलतं कोण?", कुठून आला ते कळलं का? तो प्रश्न सातासमुद्रापलीकडून, कित्येक वर्षांचा प्रवास करून जनता वसाहतीत आला होता.

तो प्रश्न खोडला कोणी? पालकांनीच. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की दोष मायेचा नाही, घडण मेंदूची आहे. लंडनमध्ये लॉर्ना विंग या डॉक्टर होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आई. त्यांनी इतर पालकांबरोबर १९६२ मध्ये संस्था काढली. ही मुलं एकसारखी नसतात, काहींना कमी अडचण, काहींना जास्त, हे जगाला नीट समजावलं त्यांनीच. १९६९ मध्ये स्वतः कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि तुमचा दोष नाही, असं जाहीर सांगितलं. पहिल्या लेखानंतर २६ वर्षं लागली.

मग मुलं मोठी झाली आणि पालकांपुढे तोच प्रश्न आला, आमच्यामागे काय? इंग्लंडमध्ये सिबिल एल्गर या शिक्षिकेच्या पुढाकाराने १९७४ साली मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांसाठी समरसेट कोर्ट नावाचं निवासी घर सुरू झालं. आपल्याकडे महाराष्ट्रात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन नव्वदच्या दशकात बदलापूरला 'आधार' ही संस्था उभी केली, मोठ्या झालेल्या मुलांना कायम राहता यावं म्हणून. कोणी एकट्याने नाही, पालकांनी मिळून. आपला बचत गट जसा उभा राहतो, तसंच.

दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने आणि इतर पालकांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. तरी १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. कायद्यात नाव नाही म्हणजे दाखला नाही, सवलत नाही. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ऑटिझम आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात ऑटिझमला जागा मिळाली. प्रत्येक पायरीवर पालक अर्ज घेऊन उभे होते.

याचा आपल्याला उपयोग काय, तेही सांगते. मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, पुढच्या बहुतेक सगळ्या गोष्टींना ते लागतं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळू शकतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. आई-वडिलांनी जिवंतपणीच याचा विचार करावा. मागे राहिलेल्या भावाबहिणीवर किंवा चुलत्यावर ते सोडून देऊ नये.

ताईंचं हे सगळं लगेच झालं नाही. प्रमाणपत्रासाठी पाच खेपा झाल्या, पाच दिवसांची कामं बुडली. चौथ्या खेपेला गटातल्या दोघी बरोबर गेल्या, मग जरा पटापट हललं.

डोनाल्डची गोष्ट मी गटात सांगितली, त्या शेतकरी जोडप्याची तर दोनदा सांगितली. आमच्यातल्या एकीचा मसाल्याचा छोटा उद्योग आहे. ती म्हणाली, "चपला लावतो, तर पाकिटं लावेल की." आता तो आठवड्यातून तीन दुपारी तिच्याकडे जातो. दहा-दहा पाकिटांचे गठ्ठे करतो. एकही चुकत नाही. मिक्सर लावायच्या आधी त्याला अंगणात बसवायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात कोणी ते विसरलं, तर त्याने आरडाओरडा करून एक डबा फेकला. एक बाई म्हणाली, "मला भीती वाटते, मी नाही यात." तिच्यावर कोणी रागावलं नाही. भीती आधी सगळ्यांनाच वाटते.

दुसरं काम आम्ही केलं ते वहीचं. ताई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. त्याला वरणभात वेगवेगळा लागतो, कालवलेला चालत नाही. केस कापायचे तर झोपताना. घाबरला की हात धरू नये, शेजारी बसावं. पोट दुखलं तर सांगत नाही, येरझाऱ्या घालतो. वीस वर्षं एकट्या आईच्या डोक्यात असलेलं सगळं त्या वहीत उतरलं. वही पूर्ण झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "आता मी आजारी पडू शकते."

त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. कायदेशीर पालक कोण, यावर घरात बोलणं चालू आहे. जागा भाड्याची आहे. आम्ही अठराजणी मिळून सरकार होऊ शकत नाही आणि 'आधार'सारखी संस्था उभी करायची ताकद आज आमच्यात नाही. पण आधी हा प्रश्न एकटीचा होता, आता तो गटाच्या इतिवृत्तात लिहिलेला आहे. पुढच्या बैठकीत तो वाचला जातो.

तुमच्या गावातही असं एखादं मूल असेल. आई त्याला लग्नाकार्यात आणत नसेल, दार लावून कामाला जात असेल. पुढच्या बैठकीला तिला मुलासकट बोलवा. हे कशामुळे झालं, असं विचारू नका. तो प्रश्न तिला सगळ्यांनी विचारून झालाय. त्याला काय आवडतं, ते विचारा, आणि एक वही बरोबर ठेवा.